बापटची खुंटी

बापट जिथे जातो तिथलाच होऊन जातो, आणि हे मला कधीच सहन झालेलं नाही. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या पबमध्ये तो मला घेऊन गेला. बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवणाऱ्यांचं ते पूर्वीचं ठाणं. त्यांचे रेनकोट टांगायच्या खुंट्यांवर आता नेहमीच्या गिऱ्हाइकांचे बिअरचे मग लटकत होते. त्यातल्या एकावर चक्क बापटचं नाव. आणि हा माणूस पितो काय, तर साधा सोडा. बिअर पिणारा मी, मला मात्र पाहुण्यांचा ग्लास.

मी मालकिणीला विचारलं, "मलाही एक खुंटी मिळेल का?"

"खुंट्या आहेत ती तुळई जुन्या जहाजाची आहे, तिच्यात नवा खिळा आम्ही ठोकत नाही," ती म्हणाली. "खुंटी रिकामी व्हायला कुणाला तरी मरावं लागतं. याची आधी एका म्हाताऱ्या कोळ्याची होती."

माझी नजर आपोआप बापटकडे गेली. नेमकं ते त्याने पाहिलं.

तेव्हापासून मी फोन केला की माझा आवाज ऐकताच तो म्हणतो, "बीपी नॉर्मल आहे रे माझं."