सुकानूच्या पाइपातली वायर

मी वनिता मडावी, समुद्रपूर तालुक्यातली. गावाच्या नावात समुद्र हाय पन मी काई समुद्र पाह्यला नाई, आमच्याकडचा तं नाला बी उन्हाळ्यात कोरडा. मायच्या घरी गोंडी बोलत, माय-बाप तेंदूपत्त्याले जात, कापूस वेचाले जात, मी धाव्वी झाली अन् मले देवळीत देलं. आमचे हे, राजू त्याईचं नाव, बसस्टँडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-जीपच्या वायरिंगचं दुकान त्याईचं. डबा घेऊन जाता जाता मी तिथंच बसू लागली, पाहून पाहून शिकली. ह्याईचा हात काय सांगू तुम्हाला, रांगोळी काढावी तसा वायरीचा टाका देत.

मंग त्याईचे हात कापाले लागले. आधी वाटलं थकवा असन, मंग चहाचा कप बी सांडाले लागला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, डाक्टर म्हने कंपवात हाय, गोळ्या घ्या, बरा व्हाचा नाई पन वाढाचा कमी होईन. तवापासून हात माहे अन् तोंड ह्याईचं. हे खुर्चीवर बसून सांगतात, लाल इकडं घे, टाका जाड झाला, पुन्हा कर. अन् मी करतो. दिवसभर कोनी मांगून बोलत राह्यलं तं कसं वाटते, तुम्हीच सांगा.

अशात कप्तानसाहेब आले. सारी जिंदगी जहाजावर काढून गावाकडं परत आलेला मानूस, अन् आला तं काय करावं, देवळीहून बसनं जावं लागे अशा एका जुन्या कापसाच्या गोदामात शिडाची बोट बांधाले काढली. इथं! मी म्हनलं साहेब हे कुठं चालवसान, तं म्हने वनिताबाई, ट्रेलरवर घालून कोकणात नेणार. त्याईची बायको, काकू म्हनतो आम्ही, तोंडाले पदर लावून हसे. बोटीची वायरिंग कराले नागपूरहून कोनी येईना, म्हनून साहेब ह्याईच्याकडं आले. राजूभाऊ, तुमचं नाव ऐकलं, म्हने. हे इतके खूश झाले का त्या दिवशी दोन टाइम जेवले. माह्या मनाचं मीच जानं, म्हनलं ह्याईच्या अशा हातानं आता कसं होते.

बाकीची वायरिंग झाली बाप्पा, लाइटं, पंप, सारं ट्रॅक्टरसारखंच. अडलं ते सुकानूपाशी. बोटीच्या मांगच्या अंगाले एक मोठं चाक असते, उभ्या खांबावर बसवलेलं, ते फिरवलं का बोट वळते, तेच सुकानू. चाकासमोर तीन वस्तू बसवाच्या, एक पानी किती खोल ते सांगते, एक हवा कोठून येऊन राह्यली ते सांगते, अन् मधात होकायंत्र, शाळेच्या पुस्तकात असे तेच. त्याच्या वायरी खालून वर आनाच्या अन् बाहेर एक बी दिसली नाई पायजे. खांबात चाकाची चेन फिरते, तिथं वायर गेली का चिरडली. म्हनून खांबाच्या बाजूनं हात धराले जो स्टीलचा वाकडा पाइप असते त्याच्यातून न्याची. पाइप बोटाएवढा, वरून वाकलेला, अन् वायरीच्या टोकाले कंपनीचा प्लग, तो पाइपापेक्षा जाड. कसं करावं मानसानं?

मी बोटीच्या पोटात उताणी पडून खालून ढकलू, हे वर उभे राहून वायरीले बांधलेली लांब स्प्रिंग ओढत, साहेब बाजूले नकाशा घेऊन. साहेब म्हनत हळू, हे म्हनत जोरात. साबनाचं पानी टाकलं, तेल टाकलं, वाकनापाशी गेली का अडली. मान आखडली, डोळ्यात फायबरची भुकटी, खाजवून खाजवून हाताले चट्टे आले. अन् वरून दोघं बी सांगून राह्यले. एकदा तं मी खालूनच वरडली, तुम्ही दोघं चूप बसा नाई तं खाली येऊन पाहा! खाली येनं कोनालेच जमे नाई.

शेवटी साहेबानं डोळे मिटले अन् म्हनलं, कापा प्लग. प्लग कापला, वायर सरसर निंगाली, मले वाटलं झालं. पन वर आता पाच बारीक बारीक तारा नव्या प्लगाले डागाच्या होत्या, केसासारख्या. मी कैया, टाका द्याची सळई, गरम केला तं ह्याईनं माह्या हातातून घेतला. म्हने हे मी करतो. मी म्हनलं राहू द्या ना, मी करतो. म्हने सारं तूच करशीन का? साहेबासमोर वाद नोको म्हनून देला.

पह्यला टाका बरा बसला. दुसऱ्याले हात असा हालला का कैया सरकला अन् पाचही तारांचं प्लास्टिक वितळून एक गोळा झाला. हे घाबरले, पुसाले गेले तं अजून जळलं. वायर तितकी आखूड झाली, वर पुरेच ना. साहेब एकदम भडकले. ज्याचे हात कापतात त्यानं माझ्या बोटीला हात लावू नये, असं म्हनले. तोंडावर. काकू म्हने अहो काय बोलता, पन बोलून झालं होतं. ह्याईनं कैया खाली ठेवला, त्याचं बटन बंद केलं, चप्पल घातली अन् निंगून गेले. मी मांगं धावली तं म्हने, तू येऊ नोको, तुह्यं काम हाय. बसमध्ये बसून गेले.

मले बी सोडून जावंसं वाटलं. असा राग आला का साहेबाचाही, ह्याईचाही, अन् त्या वायरीचा तं सर्वात जास्त. पन मी सोडलं असतं तं गावभर झालं असतं का राजूनं बोट बिघडवली. म्हनून राह्यली. साहेबाशी कामापुरतं बोले. आखूड वायरीले खाली जोड देला, पानी जाऊ नये म्हनून वरून रबरी नळी चढवली, पुन्हा सारं ओढलं. यावेळी वरून स्प्रिंग काकूनं धरली, पदर खोचून, अन् एक शब्द नाई बोलली, ओढ म्हनलं का ओढे, थांब म्हनलं का थांबे. एका सकाळीच आली वर वायर, पाचही तारा मीच डागल्या! मंग होकायंत्राचा दिवा लावला तं काटा भलतीकडंच जाय. साहेब म्हने दिव्याच्या दोन्ही तारा एकमेकीले पीळ घालून घ्या, मंग काटा हालणार नाही. घातला, तं थांबला. शिकवत चांगलं, ते मी नाई म्हनत नाई.

घरी आली का हे तोंड फिरवून बसत. मी सांगे आज हे झालं, ते झालं. हूं म्हनत. दुकानात माह्या टाक्याले नावं ठेवनं बी बंद केलं, अन् मले तेच जास्त लागे.

बोट गेली ट्रेलरवर. साहेब म्हनले होते, बोलावतो, तुम्हाला दोघांनाही पाण्यावर फिरवतो. नाई बोलावलं. मी बी नाई इचारलं.

आता मांगच्या हप्त्यात साहेबाचा फोन आला, कोकणातूनच. हवेचा मीटर बंद पडला. साहेबानं तिथल्या मिस्त्रीले फोन देला, मी सांगाले गेली तं तो आयकेच ना. ताई, घरच्या माणसाला द्या फोन, म्हने. मी तीनदा सांगतलं का मीच केलं हाय, तं म्हने हो हो, पण त्यांना द्या. माहं डोकं फिरलं, मी फोन ह्याईच्या मांडीवर टाकला. ह्याईनं दोन्ही हातानं धरून कानाले लावला, अन् म्हने, हे पाय भाऊ, त्या सुकानूचं काम माह्यं नोहे, तिचं हाय, मी तं एक वायर जाळून आलो तिथं, तिले इचार. अन् फोन माह्याकडं देला.

मंग मिस्त्रीनं आयकलं. पाइपाले पेला ठेवाचं स्टँड लावाले त्यानंच स्क्रू मारला होता, वायरीच्या आरपार. सांगा आता. मी खालची जोड खोलाले लावली, नवी वायर कशी ओढाची ते सांगतलं, तासभर गेला.

साहेबानं ह्याईची माफी मांगली नाई अजून, अन् मांगतीन असं मले वाटत नाई. राग गेला का म्हनसान तं नाई गेला. पन बोट चालून राह्यली म्हनतात, मीटर बी लागला. चालो बाप्पा. काकू संग असते त्याईच्या, तिले पोहता येत नाई. पानी शांत राहो तिच्यासाठी.