बोगद्यातून आलेला ‘हरि विठ्ठल’

बोगद्याचे नाव काढले, की तो गजर आजही माझ्या कानात घुमतो. घाटातील जुन्या रुळांवर पर्यटकांसाठी ट्रॉली सुरू झाली, तेव्हा येळ्ळूरचे माझे स्नेही आप्पा मला बेळगावहून हट्टाने तिकडे घेऊन गेले. बोगद्यात शिरताच काळोख दाटला आणि सवयीने मी मोठ्याने गजर केला, “पुंडलिक वरदे!”

आप्पा हसले. “अण्णा, हितं इठ्ठल न्हाय, वटवाघळं हाईत!”

तोच पुढच्या वळणापलीकडून उत्तर आले, “हरि विठ्ठल!”

साक्षात देवच बोलला, असे मला वाटले. चालक मात्र किंचाळला, “रुळावर माणूस हाय!” आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. ट्रॉली थांबली, तेव्हा ती आणि रुळावरचा एक कामगार यांच्यात हातभर अंतर उरले होते. रूळ दुरुस्त करताना त्या कामगाराचा पाय रुळाच्या फटीत अडकला होता.

आप्पा त्याच्यावर खेकसले, “अरं बाबा, ‘थांबा’ म्हणून वरडायचं सोडून गजर कसला पुरा करतोस?”

तो घामाने निथळत म्हणाला, “तेच वरडणार हुतो. पर ह्या अण्णांनी गजर सुरू केला. त्यो अर्धा सोडून कसं वरडू?”