कानाच्या मशीनचे सेल

कुरिअरच्या रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याच्या कानावर पुढच्या आजींचं आणि काउंटरवरच्या बाईंचं बोलणं पडत होतं.

“आजी, सेल असे सुटे एका पिशवीत पाठवता येत नाहीत. एकमेकांना लागून तापतात, पेटसुद्धा घेतात.”

“हे एवढुसे, बटणासारखे?”

“हो. मशीनमध्ये बसवलेले चालतात.”

“मशीन तर माझ्या ताईच्या कानात आहे.”

“मग ते इकडे मागवा.”

“आणि सेल घालून परत पाठवू? तोवर ती कानात काय घालणार?”

“थांबा, माझाच गोंधळ झाला. एकेका सेलला चिकटपट्टी लावू, वेगवेगळे गुंडाळू. पण विमानाने नाही, गाडीने जातील. आठ दिवस.”

कोणी न सांगताच शिंप्याने खिशातली कात्री काढली आणि तो चिकटपट्टीचे तुकडे कापू लागला.

“आठ दिवस! ताईच्या घरचे म्हणतात, तिला भ्रम झालाय. विचारावं एक, तर सांगते भलतंच.”

“मग फोन करून सांगा ना, सेल निघालेत म्हणून.”

“रोज करते. तिला माझं काही ऐकूच येत नाही. ती आपली आमच्या लहानपणचं सांगत बसते.”

“आणि तुम्ही?”

“मी आपली हो हो म्हणते.”