गोदामाचं कुलूप

बसच्या रांगेत माझ्यापुढे शिलाई कारखान्यातल्या नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, खरं सांगा, मुकादमाने तुम्हाला का काढलं?”

“आपले कपडे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाई आज तपासणीला आल्या ना? तो म्हणाला, बटणं लावणाऱ्या पोरींना गोदामात कोंड. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.”

“अगंबाई! मग?”

“बाईंनी धाकटीचं वय विचारलं. मुकादम म्हणाला, अठरा. पोरगी म्हणते, अहो साहेब, माझे अजून दुधाचे दात पडतायत!”

“हसताय काय? तिच्या घरची चूल कशी पेटायची आता?”

“तेच बाईंना विचारलं. म्हटलं, पोरी शाळेत पाठवा आणि त्यांच्या आयांना मशीनवर घ्या. म्हणाल्या, विचार करू. मी म्हटलं, इथेच करा, मी दारात उभी आहे.”

“तुम्ही म्हणजे ना! ऐकलं त्यांनी?”

“बाईंनी मुकादमाकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं, तेव्हाच मी दार सोडलं.”

“पण तुमचं काम गेलंच ना? आणि ही बस आपल्या घराकडे जात नाही, वहिनी.”

“ठाऊक आहे. त्या बाई आता पलीकडच्या कारखान्यात गेल्यात. तिथलं गोदाम त्यांना कोण दाखवणार?”