बारापर्यंत कुणी बोलू नका

...नाही, तुम्हीच सांगा, पोरीच्या लग्नाला जायला बापाला अकरा देशांची संमती लागते का कुठे? मला लागते. चार दिवसांची रजा हो, सोमवार ते गुरुवार, लग्न बुधवारी. पण मी नोकरीला कुठे, तर देशांच्या संघटनेत, बैठकांचं इतिवृत्त लिहायला. अकरा देश राजीखुशीने एकत्र आलेले. संघटना ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही.

तुम्हाला सांगतो, आधी गेलो महासचिवांकडे. ही मोठी खोली, दारावर पितळी पाटी. म्हणाले, "अहो, मी कोण मंजूर करणारा? मी सगळ्यांचा नोकर. अध्यक्षांना विचारा." अध्यक्षपद दरवर्षी एकेका देशाकडे, नावाच्या अक्षराप्रमाणे. यंदाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मी फक्त बैठक चालवते हो, निर्णय सगळ्यांचा." मग हे सगळं चालवतं कोण? एकवीस वर्षं इतिवृत्त लिहितोय, मला अजून सापडलेलं नाही. टेबलसुद्धा गोल केलंय, कुणी टोकाला बसलं असं वाटू नये म्हणून.

बाकीच्यांना रजा सहज मिळते. पण मागे मी आठवडाभर आजारी पडलो, तेव्हा बदली माणसाने दोन देशांची नावं मागेपुढे लिहिली आणि एक देश चार महिने रुसून बसला. तेव्हापासून नियम झाला, इतिवृत्तवाला रजेवर जाणार तर अकराही राजी हवेत. आता राजी आहेत हे कळणार कसं? प्रस्ताव सगळ्यांना पाठवायचा, तिसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुणी काही कळवलं नाही की मंजूर. एक अक्षर जरी आलं तरी मोडला, पुन्हा पहिल्यापासून. याला आम्ही 'शांतता' म्हणतो. आणि ती टिकली का, हे घड्याळाकडे बघत नोंदवायचं कुणी? मीच.

पहिली शांतता. बाराला पाच मिनिटं कमी, सगळे चिडीचूप, मी टेबल आवरतोय... आणि संगणक वाजला. एका देशाचे प्रतिनिधी, भला माणूस, रोज जिन्यात थांबून पोरीची चौकशी करणारा, लिहितात, "आमची काहीच हरकत नाही. मुलीला अनेक आशीर्वाद." मोडली. धावत त्यांच्याकडे गेलो. "साहेब, हरकत नव्हती तर गप्प बसायचं होतं." तर म्हणे, "एवढी आनंदाची बातमी आणि गप्प बसू? शोभेल का ते?"

दुसरी शांतता. त्यांनी आशीर्वाद दिले मग आपण मागे कसे, म्हणून शेजारच्या देशाने दिले. तिसऱ्याने खुलासा मागवला, आशीर्वाद देणं सर्व सदस्यांना बंधनकारक आहे का? महासचिवांनी लेखी कळवलं, संघटना ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, पण नाही म्हणतंय कोण?" म्हटलं, अगं, कुणीच नाही, तीच तर अडचण आहे. "मग द्या फेकून राजीनामा." कसा फेकू? देशाला बाहेर पडायला एक पत्र पुरतं. माझा राजीनामासुद्धा शांततेनेच मंजूर व्हायचा, आणि जाताना दोन शब्द बोलल्याशिवाय यांना राहवणार आहे का?

तिसरी शांतता टिकली. ठोक्याला बारा वाजले, टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मी माझ्याच हाताने नोंद केली, रजा मंजूर, सोमवार ते गुरुवार. वार होता तोच गुरुवार.

लग्नाचं काय, विचारताय? पोरीने मंगळवारीच फोन करून सांगितलं होतं, "बाबा, तुमच्याशिवाय नाही. पुढच्या महिन्यात करू." व्याहीसुद्धा लगेच हो म्हणाले, एका दमात, कुठे प्रस्ताव नाही की काही नाही. मला भरून आलं. पण नवी तारीख म्हणजे नवा अर्ज. आज सकाळीच पाठवला, आणि जिन्यात तेच प्रतिनिधी भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लग्न पुढे गेलं? अरेरे. आधी कळतं तर दोन ओळी लिहिल्या असत्या."

संघटना ऐच्छिक आहे, कुणावर सक्ती नाही. पण तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, आता शेवटची एक विनंती. परवा दुपारी बारापर्यंत कृपा करून कुणी माझं अभिनंदन करू नका.