वाढत्या अंगाचं डायपर

परवाची गंमत ऐका. आमचा दादा गेला आणि महिन्याभरात त्याचं पोरगं जन्मलं. डायपर आणायचं काम मी हट्टानं घेतलं. दादा असता तर तोच गेला असता.

बारामतीत दुकानदारानं विचारलं, "साइज कुठली?"

आमच्याकडं पोरांचे कपडे वाढत्या अंगाचेच घेतात. मी म्हटलं, "सगळ्यात मोठी द्या."

घरी काटेवाडीत पुडा फोडला, तर डायपर बाळाच्या गळ्यापर्यंत आलं. वहिनी म्हणाली, "अहो भावजी, ह्ये म्हाताऱ्यांचं हाय!" आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसली.

मी ओशाळलो. "उद्या परत देतो."

आमच्या म्हाताऱ्या आबांनी पुडा काखेत मारला. "परत कशाला? माझं बी वाढतं अंग हाय."