शेवटचं कोण?

स्पेनमधल्या कादिसच्या मासळीबाजारात रांग दिसत नाही. येणाऱ्याने मोठ्याने विचारायचं आणि शेवटच्याने उत्तर द्यायचं, एवढंच. शनिवारी माझे मासे साफ होत होते आणि मागे एउलालिया उभी होती. तेवढ्यात काठी टेकत तिची धाकटी बहीण कासिल्दा आली. आई गेल्यापासून दोघींत अबोला. पण रिवाज तो रिवाज.

"शेवटचं कोण?"

"मी आहे, बाई."

"आभारी आहे."

"आपली हरकत नसेल तर भिंतीला टेका. आपला गुडघा..."

"आपण चौकशी केलीत, धन्यवाद."

"काय गं, आज बिशप येणारेत की काय बाजारात?" मासेवाला फेर्मीन ओरडला. "बोल, एउलालिया!"

"कृपा करून अर्धा किलो मांदेली द्याल का?"

"कृपा करून? आजवर 'ए फेर्मीन, टाक अर्धा किलो' म्हणत आलीस. मी काय घोडं मारलं तुझं?"

"बरं, टाक. डोकी काढ. आणि अजून अर्धा टाक, हिला तळलेली आवडतात."

"मला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? चल घरी, जेवायला."

"माझी खरेदी व्हायचीय अजून."

"राहू दे. काठी इकडे कर, माझा हात धर."

"अगं, हळू चाल की, गाढवे! ओढतेस काय?"

"तोंड बंद कर आणि पाय उचल."

"शेवटचं कोण?" दारातून कुणीतरी विचारलं.

कासिल्दाने वळूनही पाहिलं नाही.

"आता कुणी नाही!"